गटारीनंतरच्या सकाळी लालबागची पेज

2025 ची गटारी गुरुवारी आली होती. आमच्याकडे गुरुवार पाळतात, म्हणून आम्ही मित्र बुधवारी रात्रीच बसलो. सकाळी डोकं ठणकत होतं, जिभेला कोरड, पोटात ढवळत होतं. एरवी अशा वेळी कुणीतरी पायाचं सूप नाहीतर मटणाचा रस्सा सुचवतो. गुरुवारी ते चालणार नव्हतं. मग एका मित्राला घेऊन लालबागच्या गल्लीतल्या मालवणी खानावळीत गेलो. चार बाकडी आहेत, बाहेर पाटी नाही, पण सकाळी सातपासून पेज मिळते.

पेज उकड्या तांदळाची. वाडगा समोर आला तेव्हा वर दोन बोटं निवळ होती, आणि तळाशी लालसर शितं, फुटलेली पण गळून न गेलेली. सोबत मीठ, भाजलेली सुकी मिरची, ओल्या खोबऱ्याची कातळी आणि आंब्याचं लोणचं. मी चमचा थेट तळाशी घातला, तर खानावळीच्या काकी म्हणाल्या, "आधी निवळ पी. मगे शितां खा."

तसंच केलं. मीठ घालून घोट घोट निवळ प्यायलो. अर्धा वाडगा संपेपर्यंत मळमळ बसली आणि पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं. दारूमुळे लघवी जास्त होते, अंगातलं पाणी जातं, पोटाचं अस्तर चिडतं. अशा पोटाला पाणी, मीठ आणि सहज पचणारा भात एकाच वाडग्यात मिळतो. वर उकड्या तांदळात साध्या पांढऱ्या तांदळापेक्षा ब जीवनसत्त्व जास्त टिकतं, कारण साळ आधी उकडली की ते कोंड्यातून दाण्यात उतरतं. पंचविशीत अशाच एका सकाळी मी तर्रीदार मिसळ खाल्ली होती आणि दुपारपर्यंत ओकत होतो. तेव्हा कुणी पेज दिली असती तर!

तक्रार सोलकढीची. चव अस्सल कोकमाच्या आगळाची, पण लसूण आणि हिरवी मिरची फार. चिडलेल्या पोटाला ती झोंबते. काकींना सांगितलं, तर त्यांनी मला ताक दिलं, ते मात्र उत्तम. पेज साठ रुपयांना. निवळ पुन्हा मागितली तर त्याचे पैसे घेत नाहीत. दहानंतर गेलात तर तळाची घट्ट पेज मिळते, तिच्यात ती मजा नाही.

शेजारच्या बाकड्यावरचा एक माणूस त्याच्या सोबत्याला सांगत होता, "उतारा म्हणून एक क्वार्टर मार, सगळं मोकळं होईल." मला ते ऐकवलं नाही. माझे बाबा गिरणीत होते. संप झाल्यावर त्यांचा सकाळचा उतारा सुरू झाला आणि पुढे तो रोजचा झाला. त्या घोटाने त्रास फक्त पुढे ढकलला जातो, हे मी घरात बघितलंय. त्या माणसाच्या वयाचा मान ठेवून मी त्यांना एवढंच म्हटलं, "काका, त्यांना आधी पेज घेऊ द्या."

पेज खाऊन माझ्या मित्राला इतकं हलकं वाटलं की तो बाइक काढायला निघाला. मी किल्ली घेतली. पेजेने पोट शांत होतं, रक्तातली दारू कमी होत नाही. ती यकृत आपल्या वेळेनेच काढतं, आणि 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलीग्रॅमची मर्यादा सकाळी आठलाही तीच असते. डोकेदुखीची गोळीही मी त्याला घेऊ दिली नाही. पॅरासिटामॉल त्याच यकृतावर पडते, आणि आयबुप्रोफेन पोटाला आणखी टोचते.

तिसरा मित्र घरीच आडवा होता. त्याच्यासाठी पार्सल मागितलं. प्लास्टिकच्या पिशवीत गरम पेज काकी देत नाहीत, डबा आपला न्यावा लागतो. माझ्याकडे नव्हता, तर त्यांनी स्वतःचा स्टीलचा कडीडबा दिला. निवळ खालच्या पुड्यात, शितं वरच्या पुड्यात, झाकणात लोणचं. संध्याकाळी तो घासून परत द्यायला गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "तो निवळ आधी प्यायलो मां?"