आसाम सीटीसी चहा, किलोचा पुडा: शिमग्यापासून गणपतीपर्यंत वापरल्यावर

चहा चांगला आहे, हे आधीच सांगतो. पुढची तक्रार पुड्याच्या झिपची आहे.

आमचं घर देवगड तालुक्यात, खाडीला लागून. माणसं बरीच, म्हणून पाव किलोऐवजी थेट किलोचा पुडा घेतला. तेवढेच पैसे वाचतात. सीटीसीत पान चिरडून, फाडून, वळवून दाणा करतात (हे यंत्र १९३० साली आसामातल्या अमगुरी मळ्यात निघालं), त्यामुळे रंग चटकन उतरतो. आधणात साखर, ठेचलेलं आलं, गवती चहाची पात. उकळी फुटली की पावडर, दोन मिनिटं मंद आच, मग दूध आणि पुन्हा एक उकळी. बस. त्याहून जास्त कढवला तर कडक होत नाही, नुसता तुरट होतो. बाबांना गुळाचा कोरा चहा लागतो आणि पावडरीची खरी परीक्षा कोऱ्यातच होते. त्यांनी पसंत केला.

मे महिन्यात मात्र चव बिघडली. पुडा बदलायचं मनात आलं, तर वहिनी म्हणाली, "भावजी, पावडर राहू दे, आधी पाणी चाखून बघा." उन्हाळ्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. वरच्या वाडीतून कळशीभर आणलं आणि चहा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

मग पाऊस लागला आणि झिपने दगा दिला. बारीक दाणे तिच्या खाचेत बसतात. पुसा, दाबा, एक कोपरा उघडा राहतोच. चहा ओल ओढतो, वासही ओढतो. आमच्या फडताळात खालच्या कप्प्यात सुके बोंबील. श्रावणात पावडरीचे गोळे झाले आणि कपाला बोंबलाचा वास! तव्यावर शेकवून पाहिली. ओल गेली, वास गेला नाही. पाव किलोच्या वर पावडर माडाच्या आळ्यात गेली. वाचवलेले पैसे तिथेच बुडाले.

कंपनीला फोन केला. आधी फोटो मागितला, मग बॅच नंबर, मग बिल. शेवटी उत्तर काय, तर "कोरड्या जागी ठेवा, असं पुड्यावर छापलंय." आषाढात कोकणात भिंतींना ओल येते, बरणीतलं मीठ पाझरतं. कोरडी जागा आणायची कुठून? इथे विकायला पाठवता तर इथल्या पावसाचा विचार नको?

आता दसऱ्यापर्यंत पाव किलोच आणतो आणि फोडल्याफोडल्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ओततो. गणपतीला चाकरमान्यांनी याच डब्यातला चहा मागून मागून घेतला. चहाला पाचपैकी साडेचार, पुड्याला शून्य. झिप काढून साधी क्लिप दिली तरी किलोचा पुन्हा घेईन.