डाऊन की सिंथेटिक? दोन जॅकेटं दहा महिने वापरून

मागच्या नोव्हेंबरात दोन्ही घेतली. एक ६५० फिल पॉवरचं डाऊन, म्हणजे बदक-हंसांच्या मऊ पिसांचं; दुसरं सिंथेटिक, म्हणजे पॉलिएस्टरच्या तंतूंचं. डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकंठा, जानेवारीत हरिश्चंद्रगड, आणि मग अख्खा पावसाळा पुण्यातल्या कपाटात.

आधी त्या ६५० बद्दल. साधारण २८ ग्रॅम पिसं मोकळी फुलली की किती घन इंच जागा व्यापतात, तो हा आकडा. ६५० म्हणजे साडेदहा लिटरच्या आसपास. मूठभर वजनाच्या पिसांनी बादली भरते! ऊब पिसांची नसतेच, त्यांच्यात अडकलेल्या हवेची असते. पण दुकानात हाच एक आकडा पुढे करतात. आत पिसं किती ग्रॅम भरलीत, हे आपणच विचारावं लागतं. ८०० चं पण जेमतेम भरलेलं जॅकेट ६५० च्या भरगच्च जॅकेटपेक्षा कमी उबदार असू शकतं. मी विचारलं नव्हतं, तुम्ही विचाराच.

केदारकंठ्याच्या वाटेवर, जुडा का तालाबच्या कॅम्पवर संध्याकाळी जेवणाची वाट बघत उभे होतो. डाऊन अंगावर चढवलं आणि दोन मिनिटांत कुडकुडणं थांबलं. सिंथेटिक वजनाला जड असूनही हे सुख देत नाही. त्याच भरवशावर पहाटे अंधारात शिखराकडे निघताना डाऊनच घातलं आणि तिथे चुकलो. चढावर अर्ध्या तासात पाठ घामाने भिजली, वर सॅकचा दाब. सुमारे ३,८०० मीटरवर, माथ्यावरच्या वाऱ्यात थांबलो तेव्हा छाती गरम आणि पाठ बर्फासारखी गार. परत आल्यावर जॅकेट टॉर्चसमोर धरलं, तर पाठीच्या कप्प्यांत पिसांच्या गुठळ्या झालेल्या आणि मधे नुसतं कापड. भिजलेले तंतू एकमेकांना चिकटले की हवा धरायला जागाच उरत नाही.

हरिश्चंद्रगडावर, कोकणकड्याजवळ उलट झालं. रात्रभर दव पडलं, टेंट आतूनही ठिबकत होता आणि सिंथेटिकची एक बाही चिंब भिजली. पिळली, तशीच अंगात घातली आणि निघालो. तारामती शिखरावर पोचेपर्यंत ती जवळपास सुकली होती. पॉलिएस्टर पाणी फारसं शोषत नाही, याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

सिंथेटिकची तक्रार वेगळी. मी ते महिनोन्‌महिने पिशवीत कोंबून ठेवलं. आता खांद्यांवर ते चपटं झालंय, पुन्हा फुलत नाही. डाऊन हँगरवर टांगलं होतं, पण पावसाळ्यात त्याला कुबट वास आला. डाऊनच्या खास लिक्विडने धुतलं, ड्रायरमध्ये कमी आचेवर तीन टेनिस बॉल टाकून फिरवलं. अडीच तास लागले, पण गुठळ्या सुटल्या आणि जॅकेट नव्यासारखं फुललं.

धाकट्या भावाला एकच घ्यायचंय. तो सह्याद्रीतच जास्त फिरतो, म्हणून त्याला सिंथेटिक सांगितलं. मी डिसेंबरात पुन्हा हिमालयात जातोय: चालताना फ्लीस, म्हणजे लोकरीसारख्या सिंथेटिक कापडाचं जॅकेट, आणि डाऊन सॅकमध्ये सगळ्यात वर, थांबलो की लगेच हाताला लागेल असं.