लेफ्ट सेंटर राइट : डोकं बाजूला ठेवून खेळायचा फाशांचा डाव

तीन फासे, चोवीस चकत्या आणि नियमांचा एक चिटोरा. जॉर्ज अँड कंपनीच्या ‘लेफ्ट सेंटर राइट’मध्ये एवढंच मिळतं. अमेरिकेत याला ‘एल सी आर’ म्हणतात. तिकडून सुट्टीला येणाऱ्यांच्या सामानात तो सहज मावतो, म्हणून इकडच्या काही घरांतही पोचलाय. त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार अशी, की यात डोकं चालवायला जागाच नाही. तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण बारा जण जमलेत, त्यात दोन आज्या, तीन शाळकरी पोरं आणि पत्त्यांना हात न लावणारे एक काका आहेत, अशा वेळी नेमका हाच त्याचा गुण ठरतो.

फाशाच्या सहा बाजूंपैकी तीन बाजूंवर नुसता ठिपका आहे, उरलेल्या तिन्हींवर एल, सी आणि आर. सगळ्यांनी गोल करून बसायचं, प्रत्येकाला तीन चकत्या. ज्याची पाळी त्याने जवळ जितक्या चकत्या तितके फासे टाकायचे, पण तीनपेक्षा जास्त कधीच नाही. एल पडला तर एक चकती डावीकडच्याला, आर पडला तर उजवीकडच्याला, सी पडला तर मधल्या ढिगात. ठिपका पडला तर ती चकती आपल्याकडेच राहते. पाळी डावीकडे सरकते. मधल्या ढिगातली चकती डाव संपेपर्यंत बाहेर येत नाही. शेवटी ज्या एकट्याकडे चकत्या उरतील तो जिंकला, ढीगही त्याचा. नियम संपले.

खेळाची खरी गंमत एका लहानशा कलमात आहे: हातातल्या चकत्या संपल्या तरी भिडू बाद होत नाही. त्याला फक्त फासे मिळत नाहीत. शेजाऱ्याचं दान त्याच्या दिशेने पडलं की तो पुन्हा डावात. पत्त्यांत किंवा पटावरच्या ‘व्यापार’ खेळात जो लवकर हरतो तो उरलेला तासभर मोबाइल बघत बसतो. इथे रिकाम्या हाताचा माणूस सगळ्यात जोरात ओरडतो, कारण त्याचं सगळं शेजाऱ्याच्या फाशावर लटकलेलं असतं.

आता थोडं गणित. एका फाशावर चकती हातात राहण्याची शक्यता निम्मी. डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे जाण्याची प्रत्येकी एक षष्ठांश. तीन फासे टाकले तर तिन्ही ठिपके पडणं आठांत एकदा, आणि तिन्ही चकत्या एका झटक्यात जाणंही आठांत एकदाच. एक चकती ढिगात जायला सरासरी सहा फासे टाकावे लागतात. आठ भिडूंच्या चोवीस चकत्यांपैकी शेवटी दोन-तीन उरतात असं धरलं, तर डाव संपेपर्यंत सव्वाशे-एकशेतीस फासे पडतात. पटापट खेळणाऱ्यांना दहा मिनिटं, गप्पा मारत खेळणाऱ्यांना पंधरा.

डावी आणि उजवी दिशा वरवर सारखीच वाटते, पण तसं नाही. पाळी डावीकडे जात असल्यामुळे डावीकडे दिलेली चकती लगेच पुढच्या दानात पणाला लागते. उजवीकडे दिलेली चकती ज्याने नुकतेच फासे टाकले त्याच्याकडे परत जाते आणि पूर्ण फेरीभर तिथे सुरक्षित राहते. यावर कुणाचाच ताबा नाही, पण एकदा हे लक्षात आलं की फासे बघण्यात वेगळीच मजा येते.

शेवट कसा होतो ते बघा. सहा जण बसलेत. काकांकडे दोन चकत्या, आजीकडे एक, बाकी चौघांचे हात रिकामे. पाळी आजीची. एक फासा, पडला एल. चकती डावीकडच्या मिनूकडे गेली आणि पाळीही तिचीच. इतका वेळ जांभया देणारी मिनू सावरून बसते, फासा टाकते, सी. चकती ढिगात. आता चकत्या फक्त काकांकडे, म्हणजे काका जिंकले. फाशाला हातही न लावता, बहुधा चहा ओतता ओतता. कुणाला ही थट्टा वाटते, कुणाला अन्याय. दुसऱ्या गटासाठी एक घरगुती नियम आहे: शेवटच्या माणसाने फासे टाकायचे आणि सगळे ठिपके पडले तरच तो जिंकला. तो लावणार असाल तर आणखी एक गोष्ट आधी ठरवा, शेवटची चकती सी पडून ढिगात गेली तर काय? सोपा उपाय म्हणजे ती टाकणाराच विजेता. हे आधी न ठरवता खेळलात तर भांडण नक्की.

चुका ठरलेल्याच होतात. पाच चकत्या जमल्या की माणूस पाच फासे मागतो, किंवा दोनच उरल्यात हे विसरून तिन्ही फासे उचलतो आणि तीन अक्षरं पडल्यावर देणार काय, म्हणून अडतो. त्यामुळे फासे देतानाच शेजाऱ्याने चकत्या मोजून द्यावेत. चकत्या एकावर एक रचू नका, समोर पसरून ठेवा, सगळ्यांना दिसल्या पाहिजेत. डावं-उजवं हे फासे टाकणाऱ्याचं, समोरच्याचं नाही. लहान मुलं इथे हमखास गडबडतात, त्यांच्या डाव्या मनगटाला रबरबँड लावला की प्रश्न मिटतो. रिकाम्या हाताचा भिडू पाणी प्यायला उठला तरी त्याची जागा तशीच राहते आणि त्याच्याकडे आलेली चकती त्याच्या जागेवरच ठेवायची. ती उचलून पुढच्याला देणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि अर्धा डाव झाल्यावर ती दुरुस्तही करता येत नाही. दोघांत हा खेळ होत नाही, कारण डावा आणि उजवा शेजारी एकच. किमान तीन, पण खरा रंग सहा ते नऊ जणांत.

विकत घ्यायचा का? कुणी आणून दिला तर ठेवा, मुद्दाम मागवायची गरज नाही. साधे तीन फासे घ्या: 1 पडला तर डावीकडे, 2 पडला तर मध्ये, 3 पडला तर उजवीकडे, 4, 5, 6 म्हणजे ठिपका. आकडे डावीकडून उजवीकडे त्याच क्रमाने असल्यामुळे दुसऱ्या फेरीपर्यंत पाठ होतात. चकत्यांच्या जागी चिंचोके, कवड्या, नाहीतर एक रुपयाची नाणी. चिंचोके उत्तम, कारण मोजायला सोपे आणि ढिगात ओतताना छान आवाज करतात. लुडोच्या डब्यातले बारके फासे मात्र टाळा. ते हलके असतात, गुळगुळीत फरशीवर घरंगळत सोफ्याखाली जातात आणि प्रत्येक वेळी ‘पडला काय होता’ यावर वाद. परातीत जुना टॉवेल अंथरून त्यात टाकायचे. परातीबाहेर गेलेला फासा पुन्हा टाकायचा, दिसला तरी. फाशांवर कागदी अक्षरं चिकटवण्याच्या फंदात पडू नका, दोन बैठकींत कोपरे सुटतात.

नऊपेक्षा जास्त माणसं असतील तर चकत्या वाढवून एकच मोठं रिंगण करण्यापेक्षा दोन रिंगणं करा. पंधरा जणांत पाळी यायला इतका वेळ लागतो की दोन पाळ्यांच्या मध्ये भजी तळून होतात.

अमेरिकेत बरेच जण चकत्यांऐवजी एक-एक डॉलरच्या तीन नोटा घेऊन बसतात आणि ढीग विजेत्याचा. इकडे तसं करण्याआधी विचार करा. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. तो निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देतो, आणि या खेळात कौशल्य आहे असं सांगायची सोयच नाही. चॉकलेटं लावा, नाहीतर हरणाऱ्यांनी भांडी घासायची असं ठरवा. भांड्यांचा डाव पैशांपेक्षा जास्त रंगतो.

याची खरी स्पर्धा हाऊझीशी आहे. तीही पूर्ण नशिबाची आणि शंभर माणसांना पुरते, त्यामुळे सोसायटीच्या गणपतीत तिला पर्याय नाही. पण हाऊझीत आकडे दुसरा कुणीतरी काढतो, आपण फक्त खोडत बसतो. इथे दान आपल्या हाताने पडतं आणि त्याचा फटका थेट शेजारी बसलेल्या जावेला नाहीतर मेव्हण्याला बसतो. सापशिडीत नशीब इतकंच असतं, पण तिथे शेजाऱ्याशी संबंधच येत नाही. अष्टाचंगा आणि लुडोत निदान कुठली सोंगटी चालवायची हे तरी ठरवता येतं. ज्यांना तेवढा तरी निर्णय हवा असतो ते ‘एल सी आर’च्या दुसऱ्या डावाला कंटाळतात. त्यांच्यासाठी स्टीव्ह जॅक्सन गेम्सचा 2010 चा ‘झॉम्बी डाइस’ बरा: 6 हिरवे, 4 पिवळे, 3 लाल असे 13 फासे, न बघता तीन काढून टाकायचे आणि थांबायचं की पुढे जायचं हे स्वतः ठरवायचं. फाशावर मेंदू पडला तर ती कमाई, बंदूक पडली तर धोका. तीन बंदुका जमल्या तर त्या पाळीची कमाई शून्य, आधी 13 मेंदू गाठणाऱ्याला मात्र फेरी संपेपर्यंत धडधडत बसावं लागतं. तोही नशिबाचाच, पण हरल्यावर बोल स्वतःला लावता येतो.

‘एल सी आर’चीच ‘वाइल्ड’ नावाची आवृत्ती आहे. तीत एका ठिपक्याच्या जागी वेगळं चिन्ह असतं आणि ते पडलं की कुणाचीही चकती उचलता येते. कुणाची उचलायची एवढा एकच निर्णय त्यात आला, आणि तेवढ्यानेच खेळ बिघडतो. फाशाने चकती नेली तर कुणी रुसत नाही. नणंदेने निवडून आपलीच उचलली, की ते पुढच्या दिवाळीपर्यंत लक्षात राहतं.