गच्चीवरचा पांढरा कूल रूफ कोट: दोन उन्हाळे आणि मधला पावसाळा

घर कमी तापावं म्हणून गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा रंग, म्हणजे कूल रूफ कोट, लावून घेतला. कठड्यालगत त्याचे पापुद्रे सुटले आणि ठेकेदाराने "खालून ओल आहे, वॉरंटीत बसत नाही" म्हणत हात वर केले. ओल होतीच, पण ती आधी तपासणं त्याचं काम होतं. संध्याकाळी कोब्यावर दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवायचा. सकाळी आतून पाण्याचे थेंब धरले, तर कोट लावायचाच नाही. कठडा आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यात वाटा (सिमेंटची गोलाई) नसेल तर तडा तिथेच जातो, आणि पाणी त्यातूनच कोटाखाली शिरतं. वॉरंटीत डबा मिळतो की मजुरीही, हे काम देण्याआधी लिहून घ्या.

पापुद्र्यांची दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. माझी खरी तक्रार धुळीची आहे, आणि तिच्याबद्दल विकणारे चकार शब्द काढत नाहीत.

पुण्यात मेच्या मध्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो, त्यामुळे भिंतींपेक्षा गच्चीच जास्त ऊन खाते. उघड्या ५ इंची स्लॅबचा यू-व्हॅल्यू (उष्णता किती सहज आरपार जाते याचा आकडा, कमी तितका चांगला) ३ च्या वर जातो. घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या सरकारी इको निवास संहिता २०१८ मध्ये छतासाठी १.२ ची मर्यादा आहे. कोटाने हा आकडा तसूभरही हलत नाही. कोट फक्त ऊन परतवतो, म्हणजे त्याचं सगळं बळ पांढरेपणात आहे. तो मळला की पैसे गेले.

पहिल्या उन्हाळ्यात रात्री दहाला पंख्यातून येणारी गरम हवा थांबली, तेव्हा पाचपैकी पाच दिले असते. पावसाळ्याने दोन काढून घेतले: टाकीच्या सावलीत हिरवं-काळं शेवाळ, आणि दिवाळीनंतर त्यावर बांधकामांची धूळ. बाणेर-बालेवाडीकडे तर हा थर फार लवकर चढतो. मार्चमध्ये ओल्या फडक्याने एक हात पुसून बघा. पुसलेला पट्टा आणि बाकीची गच्ची यांतला फरक झटकन कळतो.

मार्चमध्ये धुतल्यावर मत पुन्हा वर गेलं. आधी पाइपच्या तोंडावरची जाळी साफ करायची, मग कोरडा झाडू. पहाटे, कोबा गार असताना, सौम्य साबणाचं पाणी आणि नायलॉनचा ब्रश. उंच बाजूकडून उताराकडे घासत यायचं. तापलेल्या कोटावर साबण वाळून डाग पडतात. शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी थोडा वेळ ठेवून भरपूर पाण्याने धुवायचं. तारेचा ब्रश आणि ॲसिड अजिबात नको. फरशी धुणारे हमखास तेच आणतात. होळीच्या आधी एकदा हे केलंत तर एप्रिल-मे निभतो, नाहीतर कोट नुसता दिसायला.

फरक मोजायचा तर इन्फ्रारेड थर्मामीटरची एमिसिव्हिटी (पृष्ठभागानुसार लावायचा आकडा) ०.९५ वर ठेवून छताचा आतला पृष्ठभाग रात्री आठच्या पुढे मोजा. उष्णता स्लॅबमधून उतरायला काही तास घेते, त्यामुळे दुपारचा आकडा फसवा असतो.

पश्चिमेच्या भिंतीला याचा काडीचा उपयोग नाही. तिथे खिडकीच्या बाहेरून चीक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, लावा. आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो.

कोबा उकरायची वेळ आलीच असेल तर कोटावर थांबू नका: स्लॅबवर ५० मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारा कडक फोम) घालून वर नवा कोबा करा, यू-व्हॅल्यू ०.५ च्या आसपास येतो. कोबा धडधाकट असेल तर कोट पुरे. साडेतीन तारे, आणि अर्धा कापलाय तो डब्यावर धुण्याची सूचना नाही म्हणून.