नगरपरिषदेचा जलतरण तलाव: पाणी उत्तम, फीची पाटी जेमतेम पास

आमच्या कॉलनीत सध्या जो तो विचारतोय, पालिकेच्या तलावाचा पास काढावा का? प्रत्येकाला गेटात उभं राहून सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. काढा. पाणी चांगलं आहे, जीवरक्षक जागे असतात. बाकी गोष्टींबद्दल मात्र बरंच बोलायचंय, आणि सगळ्यात जास्त त्या तिकीट खिडकीवरच्या पाटीबद्दल.

मी कोण सांगणारा, तर शेजारच्या जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या फिल्टर प्लँटवर ऑपरेटर होतो. तुरटीचा डोस, बॅकवॉश (म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं), टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, यातच नोकरी संपली. निवृत्तीनंतर इथे जकात नाक्यापलीकडच्या प्लॉटिंगमध्ये घर बांधलं. तलावावर गेल्यावर माणसं पाण्याचा रंग बघतात, मी आधी पंपाचा आवाज ऐकतो. इथला पंप सकाळी सहाच्या आधीच चालू असतो, हे पहिल्यांदा बरं वाटलं.

तलाव पंचवीस मीटर लांब, बारा मीटर रुंद. उथळ बाजूला साडेतीन फूट, खोल बाजूला साडेसहा. म्हणजे ढोबळ हिशोबाने साडेचार लाख लिटर पाणी. असं पाणी ओळखायची साधी खूण म्हणजे खोल बाजूच्या काठावर उभं राहून तळाच्या फरशीवरची काळी रेघ नीट दिसली पाहिजे. इथे दिसते. सकाळच्या पहिल्या बॅचला तर लख्ख दिसते. संध्याकाळी मुलांच्या बॅचनंतर थोडी धूसर होते, पण तेवढं चालायचंच.

माझ्याकडे जुना ओटी टेस्टचा, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन रंगावरून मोजायचा डबा पडून होता, तो घेऊन गेलो. मला वाटलं ऑपरेटर पोरगा वैतागेल. उलट त्याने स्वतःचं रजिस्टर काढून दाखवलं. दिवसातून तीनदा क्लोरीन आणि सामू (पीएच), आकडे लिहिलेले, खाली सही. नळाच्या पाण्यात शेवटच्या टोकाला ०.२ पीपीएम क्लोरीन उरलं तरी आमचं समाधान व्हायचं. पोहण्याच्या तलावाला १ ते ३ लागतं आणि सामू ७.२ ते ७.८ च्या मध्ये. माझ्या डब्यातला पिवळा रंग आणि त्याच्या रजिस्टरातला आकडा जुळले. त्याचा पगार किती ते मी विचारलं, पण इथे लिहीत नाही. वाईट वाटेल.

एक गैरसमज मात्र काढून टाका. औषधाचा वास आला की लोक म्हणतात, आज क्लोरीन जास्त झालंय. बहुतेक वेळा उलट असतं. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं. वास त्याचा, आणि डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. म्हणून आधी अंगावर पाणी घेऊन मग उतरायचं असा नियम आहे. नियमाची पाटी मोठी, पण चार शॉवरपैकी दोनच चालू. उरलेल्या दोनांखाली उभं राहून, आंघोळ झाली असं मानून माणसं पाण्यात उडी मारतात.

कपडे बदलायच्या खोल्या हा या तलावाचा सगळ्यात दुबळा भाग. खुंट्या कमी, कडी एका दाराला नाही, फरशीचा उतार चुकल्याने पाणी मोरीकडे न जाता दाराकडे येतं. बांधकाम करणाऱ्याने पाणसळ लावलीच नसावी. लॉकर आहेत, कुलूप आपलं न्यायचं. मोबाईल घरी ठेवून या.

बॅचच्या वेळा पुरुषांसाठी झकास आहेत, पहाटेपासून नऊपर्यंत आणि पुन्हा संध्याकाळी. महिलांची बॅच सकाळी अकराला. ही वेळ कोणी ठरवली त्याला एकदा भेटायचंय. आमच्या सूनबाई बँकेत आहेत. अकरा वाजता त्या काउंटरवर असतात. शिक्षिका शाळेत, दुकानदारीण दुकानात. मग बॅचला येतं कोण? थोड्याच जणी. आणि थोड्याच जणी येतात म्हणून वेळ बदलायची गरज नाही, असं कार्यालयाचं म्हणणं. अर्ज दिलाय, पोच घेतलीय.

शिकवणं चांगलं आहे हे मुद्दाम सांगतो. आमच्या पिढीतले सगळे पाठीला सुके भोपळे नाहीतर डालड्याचा रिकामा डबा बांधून विहिरीत शिकले. काका वरून ढकलायचा आणि तोच खाली झेलायचा. आता निम्म्या विहिरींची बोअर झाली, उरलेल्यांचे मालक पोरं उतरू देत नाहीत, त्यांचंही चूक नाही. नदीत उतरायचं तर नाला मिसळतो त्याच्या वरच्या अंगाला जावं लागतं, आणि तिथे डोह आहे. दर उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या तळ्यात पोरं बुडाल्याची बातमी वाचतो आपण. त्यामुळे पोहायला शिकवणारी जागा ही चैन आहे, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. इथे लहान मुलांना उथळ बाजूला आधी श्वास सोडायला शिकवतात, मग तरंगायला, मग हातपाय. मुटका मारायला बंदी आहे. मला दुःख झालं, पण बरोबर आहे.

आता पाण्याच्या उधळपट्टीची ओरड. एप्रिलमध्ये गावाला दिवसाआड पाणी येतं तेव्हा ‘तलाव बंद करा’ असं निवेदन हमखास जातं. साडेचार लाख लिटर म्हटलं की आकडा मोठा वाटतो, आणि आहेच. माणशी १३५ लिटरच्या हिशोबाने सव्वातीन हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. पण ते रोज ओतून टाकत नाहीत. वाळूच्या फिल्टरमधून तेच पाणी फिरवतात. रोज घटतं ते मुख्यतः उन्हाने. कडक उन्हाळ्यात सात-आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर तीनशे चौरस मीटरच्या तलावातून दिवसाला अडीच हजार लिटरच्या आत. दहा हजारांच्या टँकरचा चौथा हिस्साही नाही. बॅकवॉशचं पाणी वेगळं, ते इथे शेजारच्या बागेकडे वळवलंय. गावातल्या एखाद्या गळक्या व्हॉल्व्हच्या चेंबरमधून याहून जास्त जात असेल, आणि त्याविरुद्ध निवेदन देताना मी अजून कुणाला पाहिलं नाही.

आता पाटी. खिडकीवर रंगवलंय: नगरपरिषद हद्दीतील रहिवासी, मासिक ६०० रुपये. हद्दीबाहेरील, १००० रुपये. मुलांना निम्मे, तेही याच दोन भागांत. पुरावा म्हणून चालू वर्षाची घरपट्टी पावती.

हद्द कुठे संपते, तर जकात नाक्यापाशी. राज्यातल्या नगरपालिकांची जकात १९९९ साली गेली, पण नाक्याची खोली अजून उभी आहे आणि पत्ता सांगताना सगळे ‘नाक्याच्या पुढं’ असंच सांगतात. ट्रकवाल्यांची सुटका झाली, आता पोहणारे अडकलेत. माझं घर नाक्यापासून हाकेच्या अंतरावर, पण ग्रामपंचायतीत. म्हणून मी हजारवाला.

आता तुम्हाला वाटेल हा माणूस यावर ठणाणा करणार. नाही. जास्तीचे चारशे मला मान्य आहेत, आणि ते का, हे कॉलनीतल्या लोकांना कळावं म्हणूनच इतकं लिहितोय.

असा तलाव बांधायला पैसा मिळतो. नगरपरिषदांना वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी राज्य सरकारचं विशेष अनुदान असतं, इथे त्यातूनच काम झालं. उद्घाटनाची कोनशिला आहे, नावं आहेत. चालवायला मात्र कुणी देत नाही. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीतले साठ टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले होते, आणि उरलेल्यातूनही पगार भागवता येत नव्हते. मग तलावाची वीज, दोन जीवरक्षक, ऑपरेटर, झाडलोट, औषधं हे सगळं येतं पालिकेच्या सर्वसाधारण निधीतून. दहा हॉर्सपॉवरचा पंप बारा तास चालला तर नव्वद युनिट दिवसाला. माझ्या अंदाजाने महिन्याला दीड लाखाच्या आत हा तलाव चालत नाही. एप्रिल-मे महिन्यात फी तेवढी जमत असेल. पावसाळ्यात आणि थंडीत सभासद निम्म्यावर येतात, पंप निम्म्यावर येत नाही. ती तूट पेठेतल्या म्हाताऱ्याच्या घरपट्टीतून भरली जाते, ज्याने आयुष्यात तलाव पाहिलेला नाही. मी ती घरपट्टी भरत नाही. माझी घरपट्टी ग्रामपंचायतीला जाते, तीही किरकोळ. मग मी चारशे जास्त दिले तर बिघडलं काय?

माझं भांडण आकड्याशी नाही, आकडा आला कसा त्याच्याशी आहे. ही पाटी रंगवली तेव्हा गावात निवडून आलेलं सभागृहच नव्हतं, मुख्याधिकारीच प्रशासक होते. चर्चा झाली नाही, ठराव झाला. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, नगराध्यक्ष आले, नगरसेवक आले, आणि तलावाच्या दराचा विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आला. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. रिकामटेकडा आहे, हरकत नाही.

त्याच विषयपत्रिकेवर नव्या वसाहतीतल्या भुयारी गटाराचं काम होतं. रक्कम अशी की तिच्यात तलाव कित्येक वर्षं चालला असता. सूचक, अनुमोदक, ‘मंजूर, मंजूर’, पुढे. चहाचा घोट घेईपर्यंत विषय संपला. पाईप किती व्यासाचा, सांडपाणी जाणार कुठे, पंपिंग लागणार का, कोणी विचारलं नाही. मला विचारावंसं वाटत होतं, पण मी हद्दीबाहेरचा, शिवाय प्रेक्षक. तलावाच्या विषयावर मात्र प्रत्येकाला मत होतं. एक म्हणाले, आमच्या पेठेत गटार उघडं आणि पोहायला येतात बाहेरचे. दुसरे म्हणाले, बाहेरच्यांना दुप्पट करा. तिसऱ्यांनी ठेक्याने द्यायची उपसूचना आणली. एका ताईंनी महिलांच्या वेळेचा मुद्दा काढला, तो गोंगाटात वाहून गेला. मग कोणीतरी शहाण्या माणसाने विचारलं की बाहेरचे सभासद नेमके किती आहेत? कार्यालयाचं उत्तर, पासावर पत्ता लिहितो, वेगळी बेरीज केलेली नाही. अहवाल मागवावा असं ठरलं आणि दर जैसे थे.

ठेक्याचं म्हणाल तर मी ज्या गावात नोकरीला होतो तिथला तलाव ठेक्याने दिला होता. ठेकेदाराने पहिली काटकसर क्लोरीनमध्ये केली, दुसरी पंपाच्या तासांत. पाणी आधी हिरवट झालं, मग सभासद गेले, मग कुलूप. त्यामुळे त्या उपसूचनेला माझा कडाडून विरोध, मताला किंमत नसली तरी.

करायचं काय, तर पालिकेला उत्तर घरातच सापडेल. आमची ग्रामपंचायत पिण्याचं पाणी नगरपरिषदेच्या योजनेतूनच घेते, नाक्यापाशी मीटर बसवलाय आणि ठोक दराने बिल येतं. थकबाकीवरून दोन्हीकडे वर्षानुवर्षं भांडणं आहेत. पण भांडतात ते मीटरच्या वाचनावर. तलावाला असा मीटर नाही. पासाच्या रजिस्टरातून पत्त्याप्रमाणे बेरीज काढायला एका कारकुनाला एक दुपार पुरेल. वर्षाचा खर्च एवढा, फी एवढी, तूट एवढी, बाहेरचे सभासद एवढे, हे पाटीखाली चिकटवा. मग आमच्याकडून हजार घ्या, नाहीतर बाराशे घ्या.

मुलांचं मात्र वेगळं. हद्दीबाहेरच्या पोराला ५०० आणि आतल्याला ३००, हे मला पटत नाही. वस्तीवरची पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात, त्यांचे आईबाप मजुरीला. सगळ्यात जास्त पोहता यायला हवं ते याच पोरांना, कारण विहिरी आणि शेततळी त्यांच्याच घराशेजारी आहेत. ही दोनशेची तूट आमच्या ग्रामपंचायतीने भरावी. ग्रामसभेत मी हे मांडलं. सरपंच म्हणाले, आधी स्मशानभूमीची शेड होऊ द्या. शेड झालीच पाहिजे, प्रश्नच नाही. पण ग्रामपंचायतीने दारात नवी व्यायामशाळा बांधलीय आणि तिचं कुलूप मी अजून उघडलेलं पाहिलं नाही, हेही त्यांना सांगितलं. हसले.

असो. ज्यांना पास काढायचाय त्यांच्यासाठी: मेच्या सुट्टीची मुलांची बॅच मार्चअखेरीसच भरते, तेव्हा आताच अर्ज टाका. दोन फोटो, आधार, डॉक्टरचा दाखला लागतो. सुती चड्डी चालत नाही, नायलॉनचीच हवी, आणि गेटाबाहेरचा टपरीवाला ती बाजारपेठेपेक्षा महाग देतो. टोपी सक्तीची. सोमवारी सफाईसाठी बंद. रोखीने पैसे घेतले तर पावतीवर शिक्का बघून घ्या. खिडकीवरचा माणूस साडेदहाला येतो आणि दीडला जेवायला जातो, अडीचच्या आत परतत नाही. आपल्या कॉलनीवाल्यांनी घरपट्टीची पावती शोधत बसू नका. ग्रामपंचायतीची पावती दाखवून मीही बघितलं, त्याने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, काका, हजार.