जॅब्स्को ट्विस्ट अँड लॉक: बोटीवरच्या हातपंपाच्या टॉयलेटचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. तीस-पस्तीस फुटांची शिडाची बोट असेल, वीकेंडला किंवा फार तर आठवडाभर किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरत असाल, तर हे टॉयलेट बिनधास्त घ्या, पैसे वसूल आहेत. आमची जुनी घेतलेली कॅटालिना ३० आहे, सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये अलामेडाला बांधलेली असते आणि तिच्यावर हेच हेड, म्हणजे बोटीवरचं टॉयलेट, आहे. ह्याच्याबद्दल ज्या तक्रारी कानावर येतात ना, वास मारतं, पाणी परत येतं, दांडा घट्ट होतो वगैरे, त्यातल्या बहुतेकांचं मूळ पंपाच्या बनावटीत नसतंच. ते असतं होजमध्ये (लवचीक पाइपमध्ये), दर वर्षी बदलायला हवेत अशा रबरी तुकड्यांमध्ये आणि वापरणाऱ्याच्या घाईत.

रचना अगदी साधी आहे आणि मला हेच सगळ्यात आवडतं. चिनी मातीचं भांडं, शेजारी उभा प्लास्टिकचा पंप, वर दांडा आणि पंपाच्या डोक्यावर एक छोटा लिव्हर. पिस्टनच्या वरच्या बाजूनं समुद्राचं पाणी आत ओढलं जातं आणि खालच्या बाजूनं भांड्यातलं बाहेर ढकललं जातं, म्हणजे एकाच हालचालीत दोन्ही कामं. लिव्हर एकीकडे केला की फ्लश, दुसरीकडे केला की नुसतं भांडं कोरडं होतं. वापरून झालं की दांडा पूर्ण खाली दाबून फिरवायचा, तो लॉक होतो आणि पाणी आपोआप आत चढायला अडथळा होतो. वीज नाही, मोटर नाही, बॅटरी उतरली तरी काही अडत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पंप किती वेळा मारायचा. भांडं साफ दिसलं की लोक थांबतात आणि तिथेच पुढच्या सगळ्या कटकटी सुरू होतात कारण भांड्यातून गेलं म्हणजे होजमधून गेलं असं नसतं. बाहेर जाणारा होज साधारण ३८ मिलिमीटरचा असतो, त्याच्या एका मीटरमध्ये १.१ लिटरच्या आसपास पाणी मावतं, तेव्हा मैला साठवायच्या टाकीपर्यंत (होल्डिंग टँक) दोन मीटर होज असेल तर तो धुवून निघायला निदान सव्वादोन लिटर पाणी मागून जायला हवं, चढ असेल तर जास्तच. हे गणित आपल्या बोटीपुरतं एकदा करा, बादलीत मोजून पंपाच्या एका दाबात किती पाणी जातं ते बघा आणि जो आकडा येईल तो हेडच्या दारावर चिकटवून ठेवा. होजमध्ये लघवी साचून राहिली की खाऱ्या पाण्याशी तिची प्रक्रिया होऊन पांढरा दगडी थर चढतो. तो आधी जोकर व्हॉल्व्हच्या, म्हणजे पंपाच्या मागच्या एल्बोमधल्या चोचीसारख्या रबरी तुकड्याच्या, ओठांवर बसतो, मग होजच्या आत, आणि हळूहळू ३८ मिलिमीटरचं भोक बोटाएवढं होतं.

बिघाड ओळखायची पद्धत सांगते, कारण बरेच जण थेट पंप खोलायला बसतात आणि त्याची गरजच नसते. वापरून झाल्यावर भांड्यात पाणी हळूहळू चढतंय का? मग आधी पाणी बघा. घाण असेल तर जोकर व्हॉल्व्ह गेलाय, त्याची चीर आता मिटत नाहीये आणि होजमधलं परत येतंय. पाणी स्वच्छ खारं असेल तर ते इनटेककडून, म्हणजे समुद्राचं पाणी आत आणणाऱ्या होजकडून, येतंय, इनटेकचा सीकॉक (बोटीच्या अंगावरचा पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह) बंद करा, चढायचं थांबलं तर नक्की झालं, मग पंपाच्या डोक्यातलं वरचं व्हॉल्व्ह गॅस्केट बघा. दांडा खाली दाबताना भांड्यातलं उसळून वर येत असेल तर तळाच्या फ्लॅपरमध्ये (रबरी झडपेत) काहीतरी अडकलंय, केस, काडी, ओल्या टिश्यूचा गोळा, तो काढला की बहुतेक वेळा काम होतं. पाणीच येत नसेल तर क्रमानं जा, सीकॉक उघडा आहे का, बाहेरच्या भोकावर शेवाळ किंवा जेलीफिश चिकटलाय का, होजच्या क्लॅम्पपाशी हवा शिरतेय का, आणि हे सगळं ठीक असेल तरच पिस्टनची ओ-रिंग (रबरी कडं) बघा.

दांडा घट्ट होतो ह्याचे दोन प्रकार आहेत आणि ते ओळखता आलेच पाहिजेत. वर-खाली दोन्हीकडे सारखाच घट्ट असेल तर आतलं ग्रीस संपलंय, एवढंच. पण खाली दाबताना जड आणि सोडला की स्वतःहून वर येतोय, असं असेल तर ताबडतोब थांबा. बाहेरची वाट बंद आहे, सीकॉक बंद असेल, होज तुंबला असेल किंवा होल्डिंग टँकचा व्हेंट बंद असेल. अशा वेळी जोर लावला तर कुठलं तरी सील सुटतं आणि जे बाहेर येतं ते अंगावर येतं. व्हेंट हा प्रकार लोक विसरतात, टाकीतली हवा ये-जा करायला बोटीच्या अंगावर एक छोटं भोक असतं, त्यात किडे घरं करतात नाहीतर टाकी काठोकाठ भरली की आतून घाण येऊन ते बुजतं. पंपआउटला, म्हणजे टाकी रिकामी करून घ्यायला, जाल तेव्हा बाहेरून पाण्याचा फवारा मारून ते मोकळं करत जा.

ग्रीसबद्दल थोडं. भांड्यात गोडंतेल ओतायचा सल्ला प्रत्येक धक्क्यावर मिळतो. दांडा हलका होतो खरा पण थोड्या फ्लशमध्ये तेल धुऊन जातं आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. पंपाच्या डोक्यावरचे सहा स्क्रू काढा, पिस्टन वर ओढा, आतली भिंत पुसून पीटीएफई असलेलं सिंथेटिक ग्रीस लावा, महिनोन्महिने बघायला नको. व्हॅसलीन मात्र नको, पेट्रोलियममुळे रबर फुगतं. ब्लीच आणि पाइन ऑइलचे क्लीनर तर बोटीवर आणूच नका, रबराची वाट लागते. दगडी थरासाठी साधा पांढरा व्हिनेगर, आठवड्याला कप-दोन कप ओतून जोकर व्हॉल्व्हपर्यंत पोचेल एवढा पंप करायचा, तासभर ठेवायचा आणि गोड्या पाण्यानं धुवायचं. थर जुना आणि जाड असेल तर व्हिनेगर पुरत नाही, तेव्हा होज काढून सरळ धक्क्यावर आपटायचा, खपल्या निघून पडतात. खाली ताडपत्री अंथरून तिच्यावर आपटा, म्हणजे त्या पाण्यात जाणार नाहीत.

आता वासाबद्दल. आठवडाभर बंद असलेल्या बोटीत शिरून पहिला फ्लश मारला की सडक्या अंड्यांचा वास येतो आणि सगळे टॉयलेटला दोष देतात. हा वास बहुतेक वेळा मैल्याचा नसून इनटेकच्या होजमध्ये अडकलेल्या समुद्राच्या पाण्याचा असतो, त्यातले बारीक जीव मरतात, कुजतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. उपाय सोपा आहे, बोट सोडताना इनटेकमधून गोडं पाणी ओढायचं. वॉशबेसिनच्या ड्रेनला टी (तीन तोंडांचा जोड) लावून इनटेकला जोडला की सीकॉक बंद करून बेसिनमध्ये पाणी ओतायचं आणि पंप मारायचा, सगळी लाइन धुऊन निघते. पिण्याच्या पाण्याच्या प्रेशर लाइनला मात्र हे टॉयलेट थेट जोडू नका, पिण्याचं पाणी दूषित होऊ शकतं. सतत वास असेल तर होजची परीक्षा घ्या, गरम पाण्यात फडकं पिळून होजवर गुंडाळा, गार झालं की फडक्याचा वास घ्या, वास आला तर तो होजमध्ये मुरलाय आणि कुठल्याही फिनेलनं जाणार नाही, होजच बदलायचा.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितेय कारण इंग्रजी रिव्ह्यूंमध्ये ती सापडतच नाही. इथले लोक कागद वापरतात आणि त्यांचा अर्धा वेळ कागद किती, एक पदरी की दोन पदरी, भांड्यात टाकायचा की पिशवीत ह्यातच जातो. आई-बाबा भारतातून येतात तेव्हा ते पाणीच वापरतात आणि ह्या पंपासाठी ते उत्तम आहे, तुंबायचा प्रश्नच कमी होतो. फक्त होल्डिंग टँक पटापट भरतो, म्हणून हँड शॉवर सोडून न देता छोटा मग ठेवायचा आणि आई-बाबांना शांतपणे सांगायचं की घरच्यासारखं दोन बादल्या ओतू नका. ओले वाइप्स, पाकिटावर फ्लशेबल लिहिलेलं असलं तरी नाही. सॅनिटरी पॅड नाही, कापूस नाही, डेंटल फ्लॉस तर अजिबात नाही, तो फ्लॅपरमध्ये गुंडाळला जातो. पाहुण्यांना हे जेट्टी सोडायच्या आधी सांगावं, लाजायचं नाही.

सेफ्टीवर मी जरा कडक आहे. भांड्याचा काठ पाण्याच्या पातळीच्या खाली असेल, किंवा बोट कलल्यावर खाली जात असेल, तर व्हेंटेड लूप, म्हणजे पाण्याच्या पातळीच्या वर नेलेला आणि माथ्यावर हवा घ्यायची सोय असलेला होजचा वळसा, हवाच, नाहीतर सायफन लागून समुद्र भांड्यातून बोटीत येतो, आणि अशा रीतीनं धक्क्याला बांधलेल्या बोटीसुद्धा बुडतात. इनटेकचा लूप पंप आणि भांडं ह्यांच्या मधे घालायचा, तिथला आखूड होज काढून लांब होज वर नेऊन खाली आणायचा. सीकॉक आणि पंपाच्या मधे घातलात तर व्हेंटमधून हवा शिरते आणि पंप पाणी ओढत नाही. दांड्याचं लॉक म्हणजे सीकॉक नव्हे, बोट सोडताना दोन्ही सीकॉक बंद करायचे.

अमेरिकेत किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत मैला तसाच समुद्रात सोडायला बंदी आहे, वाय-व्हॉल्व्ह (मैला समुद्रात जाणार की टाकीत, हे ठरवणारा व्हॉल्व्ह) असेल तर तो टाकीच्या बाजूला पक्का बांधून ठेवावा लागतो, बेच्या आत तर प्रश्नच नाही. १९९२ च्या क्लीन व्हेसल अॅक्टमुळे पंपआउट स्टेशनांना पैसे मिळतात आणि बऱ्याच ठिकाणी ही सोय फुकट किंवा किरकोळ पैशात होते, जरूर वापरा.

सुट्या भागांच्या बाबतीत ह्या कंपनीला माझ्याकडून पूर्ण मार्क. २००८ नंतरच्या पंपाला २९०४५-३००० नंबरचं सर्व्हिस किट लागतं, त्याआधीच्या पंपांची किट वेगळी आहेत, म्हणून विकत घेण्याआधी पंपाचं वय बघा. पण माझं मत विचाराल तर पूर्ण नवा पंप घ्या, किटच्या आणि त्याच्या किमतीत फार अंतर नसेल तर, पंपाची भिंतसुद्धा नवी मिळते आणि जुना पंप सवडीनं धुऊन किट घालून स्पेअर म्हणून ठेवता येतो. जोकर व्हॉल्व्ह मात्र दोन तरी बोटीवर हवेतच. खोलताना प्रत्येक गॅस्केटचा फोटो काढा, उलटं बसलं तर पंप चालत नाही.

मुंबईत गेटवेसमोर मूरिंगवर ज्यांच्या बोटी आहेत त्यांनी दोन गोष्टी जास्त बघाव्यात. तिथल्या पाण्यात गाळ भरपूर, तो पिस्टनची रिंग आणि पंपाची भिंत घासतो, शिवाय कोमट पाण्यात इनटेकच्या भोकावर बार्नॅकल (चिकटून राहणारे छोटे कवचधारी जीव) पटकन धरतात. पावसाळ्यासाठी बोट वर काढताना गोड्या पाण्यानं धुवून पिस्टनला ग्रीस लावून ठेवा, चार महिने कोरडा राहिला तर सप्टेंबरात दांडा हलणार नाही.

कमी कुठे पडतं? पंप प्लास्टिकचा आहे, रोज चार-पाच माणसं वापरणार असतील किंवा बोटीवरच राहत असाल तर रॅरिटन पीएच टू बघा, त्याचा लांब लिव्हर आहे, बांधणी दणकट आहे, किंमतही तशीच. लव्हॅकचा प्रकार वेगळा, झाकण बंद करून पंप मारला की आत निर्वात तयार होतो आणि पाणी आपोआप ओढलं जातं, तुंबायची भीती कमी, लांबच्या सफरीला मला तोच पटतो.

ट्विस्ट अँड लॉक दोन आकारांत येतं, छोटं आणि घरच्या मापाचं. जागा असेल तर मोठंच घ्या, वयस्कर माणसांना फार फरक पडतो, फक्त झाकण पूर्ण मागे जाऊन टेकतंय का आणि पंपाच्या वर दांडा पूर्ण वर यायला जागा आहे का, हे पुठ्ठा कापून आधी मोजा.