क्यूजीआयएस: दारव्ह्यात बसून नकाशे काढणारीचा अभिप्राय

क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, आणि चोरीचं नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगते, कारण आमच्याकडे कॉम्प्युटरवाल्याला कुठलंही सॉफ्टवेअर मागितलं की तो आधी पेनड्राइव्ह शोधतो. याला क्रॅक लागत नाही. गॅरी शेरमन नावाच्या माणसानं २००२ मध्ये याची सुरुवात केली, आता जगभरचे लोक मिळून ते वाढवतात. डाउनलोड मात्र एक जीबीच्या वरचं आहे, तेव्हा रात्री लावून झोपा.

मी बी.ए. भूगोल. यवतमाळ जिल्ह्यातल्या या दारव्हा तालुक्याच्याच कॉलेजात शिकले. आता कृषी केंद्राच्या माडीवर एक खोली, एक लॅपटॉप आणि एक इन्व्हर्टर एवढ्यावर माझं दुकान चालतं. वनहक्काचे दावे, पाणलोटाची कामं, ग्रामपंचायतीच्या विहिरी आणि हातपंपांचे नकाशे, असली कामं येतात. इंजिनियर लोकांनी इंग्रजीत या सॉफ्टवेअरवर रगड लिहून ठेवलंय. मी लिहितेय ते ज्यांनी खेड्यातून येऊन भूगोल घेतला आणि ज्यांना घरचे विचारतात, "हे शिकून लागन काय?", त्यांच्यासाठी.

कॉलेजात आमचं प्रात्यक्षिक म्हणजे जर्नल. रोटरिंग पेन, ट्रेसिंग पेपर, लोलकीय होकायंत्र, आणि पटांगणात प्लेन टेबल लावून शेजारच्या लिंबाचा वेध. क्षेत्रघनी नकाशा, म्हणजे आकड्यांप्रमाणे तालुक्यांना फिक्या-गडद छटा देणारा, काढायचा तर यवतमाळ जिल्ह्याचे सोळा तालुके ट्रेस करा, आकडेवारीचे गट पाडा, मग पेन्सिलीनं एकसारख्या छटा भरा. आर्णीची छटा दिग्रसपेक्षा जरा गडद झाली की पान बाद. क्यूजीआयएसमध्ये हेच काम चहा निवायच्या आत होतं.

पण इथंच ते सॉफ्टवेअर माणसाला फसवतं. गट कसे पाडायचे ते तुम्हालाच सांगावं लागतं. समान अंतरानं, समान संख्येनं, की आकड्यांतल्या नैसर्गिक फटी बघून? त्याच कपाशीच्या आकड्यांवरून तीन पद्धतींनी तीन वेगळे नकाशे निघतात, आणि तिन्ही देखणे दिसतात. शिवाय एकूण लोकसंख्येचा क्षेत्रघनी नकाशा काढायला ते तुम्हाला अडवत नाही. आमच्या सरांनी असा नकाशा काढणाऱ्याचं जर्नल परत फेकलं असतं. क्षेत्रघनी म्हणजे घनता, टक्केवारी, दर. नुसत्या बेरजेला टिंब नकाशा किंवा लहानमोठी वर्तुळं. ही अक्कल इन्स्टॉलरमधून येत नाही. जर्नलला शिव्या घालणाऱ्या पोरांनो, ते जपून ठेवा.

आता ज्याच्यासाठी हा अभिप्राय लिहायला घेतला ते. यवतमाळ जिल्ह्याच्या मधून ७८ अंश पूर्व रेखावृत्त जातं. पुस्तकात ती एक रेघ. पण नकाशे मीटरमध्ये मोजायला जी यूटीएम पद्धत वापरतात, तिच्यात जगाचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेत, आणि ४३ वा पट्टा संपून ४४ वा सुरू होतो तो नेमका या रेघेवर. दारव्हा, दिग्रस, पुसद ४३ मध्ये. यवतमाळ शहर, कळंब, वणी ४४ मध्ये. अकोला, वाशीम पूर्ण अलीकडे. वर्धा जवळपास सगळा, आणि नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीचा विषयच नाही, ते पलीकडे. एकाच जिल्ह्यात, एकाच एसटीच्या तिकिटावर तुम्ही पट्टा बदलता.

फरक केवढा? रेघेवरच्या एखाद्या विहिरीचा पूर्व-पश्चिम जागा सांगणारा मीटरचा आकडा ४३ व्या पट्ट्यात आठ लाखांच्या वर येतो आणि ४४ व्यात दोन लाखांच्या आत. एका संस्थेकडून मला यवतमाळजवळच्या विहिरींची एक्सेल आली होती. आकडे ४४ चे, आणि पट्टा कुठला हे लिहायचं राहिलेलं. मी ४३ धरून उघडली तर सगळ्या विहिरी दमणच्या पश्चिमेला, अरबी समुद्रात! समुद्रात गेल्या म्हणून चटकन कळलं, जमिनीवर पडल्या असत्या तर एखाद्यानं अहवालही छापून टाकला असता. दुरुस्ती सोपी आहे: थरावर राइट-क्लिक करून ईपीएसजी ३२६४४ हा ४४ व्या पट्ट्याचा क्रमांक सांगायचा, ४३ व्या पट्ट्यासाठी ३२६४३. पण काय सांगायचं ते कळायला प्रक्षेपणाचं, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर कशी उतरवतात त्याचं, प्रकरण वाचलेलं असावं लागतं. परीक्षेत आम्ही ते 'ऑप्शनला' टाकायचो.

या रेघेची गंमत इथंच संपत नाही. इंग्रजांनी १८०२ मध्ये सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची मुख्य साखळी ७८ अंशांच्या आसपासच उत्तरेकडे सरकत गेली. ते काम सुरू करणारा विल्यम लॅम्टन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, कबर तिथंच आहे. वर्ध्याच्या किती भूगोलवाल्यांनी ती पाहिली असेल? त्याच्या मागून त्या कामावर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टच्या नावानं जो पृथ्वीचा आकार धरला, त्यावर सर्वे ऑफ इंडियाचे जुने स्थलनिर्देशक नकाशे बेतलेले आहेत. मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ नावाच्या वेगळ्या आकारावर चालतं. जुना नकाशा स्कॅन करून ही गोष्ट न सांगता क्यूजीआयएसमध्ये बसवला, तर नाला प्रत्यक्षापेक्षा शंभर मीटरहून जास्त सरकतो. २००५ च्या नकाशा धोरणानंतर आलेल्या खुल्या मालिकेत हा घोळ नाही, ते नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत.

मराठीचं काय? नकाशावर देवनागरी नावं नीट उमटतात, जोडाक्षरं फुटत नाहीत, फॉन्ट युनिकोड पाहिजे. कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली यादी आली तर आधी तिचं रूपांतर करा, नाहीतर गावांच्या जागी कचरा दिसतो. दुसरी मेख शेपफाइल नावाच्या जुन्या फाइल प्रकाराची. त्यात रकान्याचं नाव दहा बाइटचं असतं, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे 'गाव' बसतं, 'तालुका' कापला जातो. जिओपॅकेज या नव्या फाइल प्रकारात सेव्ह करा, ही कटकटच नाही.

शेतात, जंगलात जायचं तर क्यूफील्ड नावाचं ॲप आहे. लॅपटॉपवर तयार केलेला नकाशा फोनमध्ये घ्या आणि नेटवर्क नसलं तरी बिंदू टिपा. सामूहिक वनहक्काच्या हद्दीला मी हेच वापरते. २००६ च्या कायद्यात दावा ग्रामसभेचा असतो, म्हणून हद्द म्हातारी माणसं दाखवतात आणि मी मागून चालते. कोलाम आदिवासींच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, एक आजोबा प्रत्येक वळणावर जागेचं नाव सांगत होता, आणि त्यातलं एकही नाव स्थलनिर्देशक नकाशात नव्हतं. मी सगळी लिहून घेतली. माझ्या नकाशातला सगळ्यात किमती रकाना तोच.

फोनच्या जीपीएसवर मात्र धुरा, म्हणजे शेताचा बांध, मोजू नका. उघड्या वावरात पाच मीटरची चूक सहज असते, सागाच्या दाटीत त्याहून जास्त. शंभर मीटर लांब धुऱ्यावर पाच मीटर इकडचं तिकडं झालं म्हणजे जवळपास पाच गुंठे. एवढ्यात दोन भावांची बोलाचाल बंद होते. लोक येतात, "मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरमदी पाहून सांगा ना, त्यानं माह्यात किती घुसवलं?" मी हात जोडते. हद्दीचं भांडण असेल तर भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज करा, तिथं आता अचूक मोजणारी रोव्हर यंत्रं आलीत. पांदणीचंही तसंच. उपग्रहाच्या चित्रात रस्ता ढळढळीत दिसतो, आणि पावसाळ्यात तिथून बैलबंडीही जात नाही. विचारल्याशिवाय रंगवू नका.

नोकरीचं सरळ बोलते. भूकरमापकाच्या जाहिरातीत स्थापत्याची पदविका नाहीतर आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड मागतात. तीन वर्षं नकाशे शिकलेला बी.ए. भूगोलवाला त्यात बसत नाही. मला हे अजून पटलेलं नाही, पण आहे ते असं आहे, तेव्हा मोजणी खात्यातच जायचं असेल तर बारावीनंतर भूगोलाआधी आयटीआयचा विचार करा. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोचं मुख्यालयही तिथंच. असल्या ठिकाणी प्रकल्पांवर माणसं घेतात, पण नुसत्या बी.ए.वर नाही, वर जीआयएसची, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांच्या कामाची, पदविका किंवा एम.एस्सी. लागते. खासगी कंपन्यांत सुरुवातीचं काम म्हणजे दिवसभर उपग्रहचित्रावर घरं आणि रस्ते गिरवणं. माझी एक वर्गमैत्रीण पुण्यात तेच करते, मान धरते म्हणते, पगार वेळेवर येतो. बाकी बी.एड., सेट, एमपीएससी या वाटा सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यावर मी काय सांगू.

माझ्यासारखं गावात राहून काम करायचं तर क्यूजीआयएसशिवाय पर्याय दिसत नाही, कारण परवान्याचे पैसे काढायला पहिलं काम मिळावं लागतं आणि पहिलं काम मिळायला सॉफ्टवेअर लागतं. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर धडे आहेत, डेहराडूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन वर्गही फुकट असतात.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो नवख्याला गोंधळवणाऱ्या बटणांच्या गर्दीसाठी. डाउनलोड करताना सगळ्यात नवी आवृत्ती घेऊ नका, 'लाँग टर्म' लिहिलेली घ्या. रॅम आठ जीबी तरी हवी. पहिला नकाशा स्वतःच्या गावाचा करा: हातपंप, शाळा, पाण्याची टाकी, स्मशानाचा रस्ता. मोठा छापायचा असेल तर फ्लेक्सवाल्याकडे पीडीएफ द्या आणि शंभर टक्के मापात छाप म्हणून बजावा, कारण तो कागदात बसावा म्हणून आकार कमी-जास्त करतो आणि आकड्यात लिहिलेलं प्रमाण खोटं ठरतं. रेषाप्रमाण टाकलेलं असेल तर तेही सोबतच ताणलं किंवा आवळलं जातं, म्हणून ते टाकाच.